अमेरिकेचा समुद्र आणि दोन कूलर

भोपाळला पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरांत भालचंद्र सायरे म्हणून विचारलं तर घर सापडायला वेळ लागे. कूलरवाले सायरे म्हटलं की भाजीवालासुद्धा बोट दाखवी. होळी झाली की त्यांच्या फाटकाशी माणसं जमायला लागत. कुणाचा पंप बसलेला, कुणाच्या पंख्याचं पातं पत्र्याला घासतंय, कुणाच्या जाळीत चिमणीनं घर केलेलं. कारखान्यातली मेंटेनन्सची पाळी करून आलेला हा माणूस कपडेही न बदलता पेचकस घेऊन शेजाऱ्याच्या खिडकीवर चढे. नागपूरची राजधानी गेली, वडिलांची कचेरी भोपाळला हलली, तेव्हा सायरे अजून हाफपँटीत होते. शाळा इथली, आयटीआय इथलं, नोकरी इथली; पण उन्हाशी भांडायची रीत मात्र नागपूरची.

"इथल्या लोकांना ऊन समजतच नाही बाप्पा," ते म्हणत. "तलाव पाहून माजले आहेत. अरे, वाळा लावा, पाणी सोडा, मागून खिडकी उघडी ठेवा. मग पाहा सूर्याचं काय चालते ते!"

त्या वर्षी ऐन मे महिन्यात तळ्याकाठच्या टेकडीवरच्या संग्रहालयात एका फार नावाजलेल्या अमेरिकन चित्रकाराची जलरंगातली चित्रं येणार होती. दिल्लीनंतर थेट भोपाळ. हे घडवून आणलं होतं वसुधा पागनीसनं. मूळची ग्वाल्हेरची, शाहपुऱ्यात भाड्यानं राहणारी, तिशीतली पोरगी. संग्रहालयाचा चित्रविभाग तिच्याकडे होता. दिल्लीतल्या साहेबांनी तिला किती वेळा तरी वाटेला लावलं होतं. भोपाळात काय आहे? धड थंड हॉल तरी आहे का? शेवटी ती म्हणाली होती, हॉलची जबाबदारी माझी. वातानुकूलनाचं मशीन जुनं होतं, म्हणून तिनं कारखान्याकडे जाणता माणूस मागितला, आणि कारखान्यानं सायऱ्यांना पाठवलं.

"अमेरिकेची चित्रं सांभाळायला माझी ड्यूटी लागली," सायऱ्यांनी घरी सांगितलं.

"घरातल्या गणपतीच्या फोटोची काच फुटून वर्ष झालं," रजनी म्हणाली. "तिथं कधी लागते ड्यूटी?"

पण तीही खूष होती. सायऱ्यांचं नाव फोरमनच्या बढतीसाठी वर गेलं होतं. असल्या कामानं साहेबांच्या डोळ्यांत माणूस भरतो, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक असतं.

चित्रांबरोबर एक अमेरिकन बाई आल्या होत्या. हॅरिएट बाई. साठीच्या, उंच, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, गळ्यात दोरीला चष्मा. चित्रं त्यांच्या म्युझियमची आणि जबाबदारी त्यांची. पेट्या उघडायच्या त्यांनी, चित्रं टांगायची त्यांनी. दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. सगळी चित्रं भिंतीवर गेली आणि उद्घाटनाला एक दिवस उरला, तेव्हा साहजिकच त्यांना सांचीला पाठवण्यात आलं. भोपाळला आलेला पाहुणा सांची न पाहता परत गेला तर यजमानाला घास गोड लागत नाही. बाई सकाळीच गाडीत बसून गेल्या. दुपारी परत आल्यावर त्या हॉल शेवटचा तपासणार होत्या.

त्या गेल्या आणि मशीन बंद पडलं.

सायऱ्यांनी पंख्याच्या मोटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. वाइंडिंग जळाल्याचा तो ओळखीचा वास. वसुधा धावत आली. तिच्या हातात मंत्र्यांच्या बंगल्यावर द्यायच्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता.

"काका, आता?"

"मोटर कारखान्यात पाठवतो. आमचा वाइंडिंगवाला माझा यार आहे, संध्याकाळपर्यंत भरून देईल."

"संध्याकाळपर्यंत हॉल तापून जाईल ना! बाहेर लू चालू आहे." तिचा आवाज चिरकला. "काहीही करा काका, प्लीज. कसंही करून हॉल तापू देऊ नका. मी बंगल्यावर जाऊन येते, तिथं नाही गेली तर तेही बोंबलेल."

"तुम्ही बिनधास्त जा, ताई," सायरे म्हणाले. "गरमीचं माझ्यावर सोडा."

आणि त्यांनी तेच केलं जे नागपूरचा कुठलाही माणूस करेल. मोटर घेऊन निघालेल्या मॅटाडोरमध्ये स्वतः बसले, पिपलानीत थांबून घरचा कूलर काढला, शेजारच्यांचाही काढला, बाजारातून नवा कोरा वाळा घेतला. रजनी लाटणं हातात घेऊन ओट्यावर आली.

"अहो, हे काय करून राहिले? पोळ्या लाटताना माझा जीव जाते इकडे!"

"एक दिवस काढ ना. देशाच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"देशाला म्हणावं, तू ये लाटायला."

तासाभरात हॉलच्या मागच्या दोन खिडक्यांत दोन कूलर बसले. सायऱ्यांनी ताट्यांत वाळा दाबून भरला, टाक्या तुडुंब भरल्या, पंप सुरू केले. वाळा भिजला आणि तो वास सुटला. तापलेल्या मातीवर पाणी शिंपडल्यासारखा, जुन्या लाकडासारखा. नवा वाळा आधी जरा थुंकतो. बारीक थेंब पंख्याच्या वाऱ्याबरोबर आत उडाले. दोनचार थेंब खिडकीजवळच्या चित्राच्या काचेवर जाऊन बसले. सायऱ्यांनी पाहिलं, पण काच तर आहे वरून, असं म्हणून सोडून दिलं. शिवाय चित्राला बोट लावायचं नाही, हा हुकूम त्यांना पाठ होता.

दारावर पहारेकरी रईस मियाँ स्टुलावर बसला होता. जुन्या शहरातला माणूस, सदा लाल असलेले डोळे रुमालानं टिपणारा. गॅसच्या रात्रीपासून ते तसेच होते. त्यानं आत येऊन छाती भरून श्वास घेतला.

"को खाँ, जन्नत बना दी आपने तो!"

सायरे हसले. पहिल्यांदाच त्यांना हॉलमध्ये निवांत उभं राहायला मिळालं. इतके दिवस त्यांची नजर छतातल्या हवेच्या जाळ्यांकडे असायची. आता ते हात मागे बांधून एकेका चित्रापुढून गेले. बर्फातलं कुंपण. वाऱ्यानं वाकलेली ताडाची झाडं. एक म्हातारा जाळं सुकवतोय. आणि खिडकीजवळ, सगळ्यांत मोठं, समुद्राचं चित्र: एक होडी, दोन वल्ही, बाकी सगळं पाणी. सायऱ्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पाहता पाहता त्यांना वाटलं, पाणी हलतंय. होडीखालची लाट उचलल्यासारखी वाटली.

"वा रे पठ्ठ्या," ते पुटपुटले. "काय हात आहे!"

ते एक पाऊल डावीकडे सरकले. लाटेवरचा उजेडही सरकला. मग त्यांनी वरचं आकाश पाहिलं. आकाशालाही लाट आली होती.

त्यांनी डोळा भिंतीला लावून चित्र बाजूनं पाहिलं. काचेच्या आत कागद फुगला होता. शेजारचं बर्फाचं चित्र पाहिलं. तेही कडेला वर उचललेलं. म्हाताऱ्याच्या जाळ्याखालीही सुरकुती. आणि समुद्राच्या चित्राच्या काचेवर बसलेले थेंब ओघळून खालच्या चौकटीच्या फटीत शिरले होते. आत, कागदाच्या तळाशी, ओलीचा एक पट्टा वर चढत होता.

ओल! वसुधानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काका, गरमी आणि ओल, दोन्ही नको. त्यांनी मान हलवली होती. पण ओल म्हणजे मशीनच्या गणिताचा भाग, ती मशीन पाहून घेईल, असं धरून ते गरमीशीच भांडत बसले. कारण भांडायचं ते गरमीशी, ओल तर आपल्या बाजूची, हेच त्यांच्या हाडात होतं.

त्यांनी धावत जाऊन दोन्ही कूलर बंद केले. पंख्यांचा आवाज थांबला आणि हॉल एकदम परका वाटायला लागला.

रईसनं चित्रं पाहिली, सायऱ्यांचं तोंड पाहिलं, आणि सगळं ओळखलं.

"पीछे चार पेंच हैं," तो हळूच म्हणाला. "खोलो, इस्तरी फेरो, बंद करो. किसको पता चलेगा?"

पेचकस सायऱ्यांच्या खिशातच होता. आयुष्यभर बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात मेंदूला न विचारता पुढे जात. आताही गेले. चौकटीच्या कडेवर बोटं टेकली. ओला कागद, त्यावर पाण्यात कालवलेला रंग. इस्त्री फिरवली आणि रंग कापडाला लागून आला तर? खिडक्या उघडून लू आत घेतली तर? घरी उन्हात घाईनं वाळवलेल्या पापडाचं काय होतं ते रजनीच्या तोंडून दर उन्हाळ्यात ऐकलेलं. ते सुकतात खरे, पण वाकडे होऊन तडकतात.

"नाही," ते म्हणाले आणि हात मागे घेतले. "मला यातलं काही समजत नाही. अन् समजत नसताना एकदा करून चुकलो."

"तो क्या करोगे?"

"बसतो."

ते खुर्चीवर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. समोर ओलीचा पट्टा दिसत होता. तो आणखी वर चढतोय की थांबला, हे पाहायला उठायचं धाडस त्यांना होत नव्हतं. काही न करता बसणं हे काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं.

"इतना क्या डरना," रईस रुमाल डोळ्यांना लावत म्हणाला. "अमरीका से तस्वीरें आ गईं हमारे लिए। दवाई का तो आज तक रास्ता देख रहे हैं।"

सायऱ्यांनी त्याच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं.

वसुधा परतली ती हॉलच्या दारातच थांबली. वाळ्याचा वास तिच्या नाकात गेला आणि तिचा चेहरा उतरला. सायऱ्यांनी एका दमात सगळं सांगितलं. ती एकेका चित्रापाशी गेली, वाकली, परत आली.

"कूलर काढा," ती म्हणाली. "आधी मागे नेऊन झाका. रईसभाई, ताडपत्री आणा."

"ताई, त्यांना सांगायला पाहिजे."

"मी सांगीन काय सांगायचं ते. तुम्ही मध्ये नाही बोलायचं, काका. तुमचं नाव वर गेलेलं आहे. एक तक्रार कारखान्यात पोहोचली तर तुमचं फोरमन होणं गेलं. आणि मीच बोलली होती ना, काहीही करा म्हणून." तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "मशीन बंद पडलं, एवढंच आपल्याला माहीत."

सांचीची गाडी आली. हॅरिएट बाई उन्हानं लाल झाल्या होत्या, टोपीनं वारा घेत हसत आत शिरल्या, आणि दोन पावलांवर हसणं थांबलं. त्यांनी दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला. खिशातून छोटी विजेरी काढली आणि भिंतीला समांतर उजेड टाकत एकेक चित्र पाहिलं. समुद्रापाशी त्या फार वेळ थांबल्या. मग त्यांनी वसुधाला काही विचारलं, थंड आवाजात.

वसुधा इंग्रजीत बोलू लागली. सायरे दाराशी उभे होते. सगळं कळत नव्हतं, पण कारखान्यातल्या रशियन, जर्मन, गोऱ्या साहेबांमुळे काही शब्द कानाला सवयीचे होते. मशीन. फेल. मोटर. लेक. मग वसुधानं खिडकीबाहेर, तळ्याच्या दिशेनं हात केला.

हॅरिएट बाईंनी चष्मा काढला. त्या जे बोलल्या त्यात एक शब्द दोनदा आला आणि तो सायऱ्यांना ठाऊक होता. पॅक.

"काय म्हणून राहिल्या?" त्यांनी वसुधाला विचारलं.

ती वळली नाही. "म्हणतात, एक मशीन बंद पडल्याबरोबर तळ्याची ओल इतकी आत येत असेल तर हा हॉलच चित्रांच्या लायकीचा नाही. एक रात्रसुद्धा ठेवणार नाहीत. पेट्या मागवताहेत."

"सगळी चित्रं?"

"सगळी." ती ओठ दाबून म्हणाली. "दिल्लीवाले म्हणत होते तेच झालं."

हॉल चांगला होता. सायऱ्यांना तो हाताच्या तळव्यासारखा माहीत होता. प्रत्येक फट त्यांनी स्वतः बुजवली होती. मे महिन्यात तळ्याची ओल टेकडी चढून येत नाही, हे भोपाळचं शेंबडं पोरही सांगेल. पण ही बाई भोपाळची नव्हती. आणि हॉल खोटा ठरत होता तो फक्त सायऱ्यांचं नाव वाचावं म्हणून.

ते पुढे झाले.

"मॅडम," ते म्हणाले. आवाज नको इतका मोठा निघाला. "लेक नो. हॉल गुड. कूलर. टू कूलर. आय पुट. वॉटर, माय वॉटर."

"काका!" वसुधा दबक्या आवाजात ओरडली.

"राहू द्या ताई. खोटं बोलून हॉल बदनाम होते. सांगा त्यांना."

वसुधानं सांगितलं. हॅरिएट बाई ऐकत होत्या वसुधाला, पण पाहत होत्या सायऱ्यांकडे. त्यांच्या कपड्यांकडे, ग्रीस लागलेल्या बोटांकडे. मग त्या काहीतरी बोलल्या आणि वसुधा शरमेनं लाल झाली.

"त्यांचा विश्वास नाही बसत," ती म्हणाली. "विचारताहेत, तुम्हाला हे बोलायला कुणी लावलं. म्हणतात, साहेब लोकांच्या चुका मजुरांच्या गळ्यात घातलेल्या त्यांनी खूप पाहिल्या आहेत."

हे सायऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कबूल केलेला गुन्हा कुणी नाकारेल, तर तो सिद्ध कसा करायचा? मग त्यांनी बाईंना हातानं खूण केली. चला. कम. बॅक साइड.

संग्रहालयाच्या मागे, भिंतीच्या सावलीत, ताडपत्रीखाली दोन्ही कूलर होते. सायऱ्यांनी ताडपत्री ओढली. टाक्यांत अजून पाणी होतं, वाळा निथळत होता. त्यांनी वायर लांबवून खिडकीतल्या प्लगला जोडली, बाईंना पंख्यासमोर उभं राहायची विनंती केली आणि बटण दाबलं.

पंप गुरगुरला. वाळ्यावर पाणी चढलं. आणि पंख्यानं बारीक थेंबांची एक फुंकर बाईंच्या तोंडावर मारली. केसांवर, टोपीवर, चष्म्याच्या काचांवर.

रईसनं तोंडात रुमाल कोंबला. वसुधानं डोळे मिटून घेतले.

हॅरिएट बाई हलल्या नाहीत. चष्म्यावरचा एक थेंब ओघळून खालच्या कडेत जिरला. त्यांनी चष्मा काढला, ती कड निरखून पाहिली, मग हॉलच्या खिडकीकडे पाहिलं, जिच्यापलीकडे समुद्राचं चित्र टांगलेलं होतं. त्या वाऱ्याकडे तोंड करून आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या. उन्हातून आलेल्या माणसाला वाळ्याचा वारा सोडवत नाही, मग तो कुठल्याही देशाचा असो. मग त्यांनी स्वतःच हात पुढे करून बटण बंद केलं.

आता त्या प्रश्न विचारू लागल्या आणि वसुधा भराभर अर्थ सांगू लागली.

"विचारताहेत, कूलर किती वेळ चालू होते?"

"दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत."

"नंतर चित्रं उघडली? गरम वारा दिला? पुसलं?"

"बोटसुद्धा नाही लावलं. चौकटीला टेकवलं होतं फक्त. पेचकस खिशात होता." त्यांनी तो काढून दाखवला. "पण नाही उघडलं."

बाईंनी पेचकसाकडे पाहिलं. मग त्या सावकाश बोलल्या, वसुधा त्यांच्यामागून एकेक वाक्य उचलत गेली.

"म्हणतात, बाकीच्या चित्रांचे कागद हळूहळू बसतील. उघडली असती, तापवली असती, तर गेली असती. समुद्राचं मात्र... खालच्या बाजूला पाण्याची रेघ राहील. कायमची. ते त्या आजच उतरवणार. ते इथे लागणार नाही."

"कायमची?" सायऱ्यांनी विचारलं.

"हो, काका."

त्यांनी मान खाली घातली. त्या चित्रकाराला जाऊन किती काळ लोटला होता कोण जाणे. त्याच्या समुद्रात आता सायऱ्यांच्या टाकीतलं पाणी कायमचं मिसळलं होतं.

"बाकीची?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"मशीन अंधार पडायच्या आत सुरू झालं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नीट चाललं, तर राहतील. उद्घाटन होईल." वसुधानं नजर खाली वळवली. "पण रिपोर्ट लिहावाच लागेल म्हणतात. त्याची प्रत कारखान्याला जाईल. तुमचं नाव मागताहेत."

बाईंनी छोटी वही काढली होती, पेन उघडलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सायऱ्यांना वाटलं, राग असता तर बरं झालं असतं.

"भालचंद्र सायरे," ते म्हणाले.

बाईंनी दोनदा प्रयत्न केला. पहिलं नाव त्यांच्या जिभेवर बसेना.

"नुसतं सायरे लिहा म्हणा. पण बरोबर लिहा. कारखान्यात आणखी एक सायरे आहेत स्टोअरमध्ये, गरीब माणूस आहे, त्याच्या गळ्यात नको पडायला. मेंटेनन्स लिहा पुढे."

वसुधानं एकेक अक्षर सांगितलं. बाईंनी लिहिलं, वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी अक्षरं जुळवून पाहिली आणि मान हलवली.

तेवढ्यात चढावावर मॅटाडोरचा आवाज आला. मोटर भरून आली होती, अजून कोमट. सायऱ्यांनी ती छातीशी धरून मशीनघरात नेली. वसुधा मागोमाग आली आणि दारात उभी राहिली.

"काका, मी कारखान्यात येऊन सांगीन. मीच बोलली होती, काहीही करा. ते पण रिपोर्टमध्ये यायला पाहिजे."

"ते तुम्ही पाहा, ताई. मी नाही म्हणणार नाही." सायरे जमिनीवर आडवे झाले होते, खांद्यापर्यंत हात मशीनखाली. "पण आता उजेड अडवू नका, बाजूला व्हा जरा. पंख्याचा पट्टा चढवायचा आहे, अन् दिवस मावळायला आला."

ती बाजूला झाली. हॉलमधून बाईंच्या पावलांचा आवाज येत होता. त्या समुद्र भिंतीवरून उतरवत होत्या, रईस टेबल सरकवत होता. सायऱ्यांनी पट्टा ओढून पुलीवर बसवला, ताण बोटानं दाबून पाहिला, आणखी अर्धा पेच आवळला आणि म्हणाले, "हं. लावा स्विच."